न दिसणारा अपव्यय

शोळिंगनल्लूरच्या संगणक-कचेऱ्यांत कारखान्यासारखा भंगाराचा ढीग दिसत नाही. म्हणून येथे अपव्यय नाही, असे मात्र समजू नये. टोयोटाच्या ताइइची ओनो यांनी सात अपव्यय सांगितले. २००३ साली पॉपेंडिक दांपत्याने ते संगणक-आज्ञावलींच्या कामास लावून दाखविले: अर्धवट पडलेले काम, खोळंबा, वारंवार होणारे हस्तांतर इत्यादी. खोळंब्यात गेलेला तास हिशेबवहीत दिसत नाही. तो कर्मचाऱ्याच्या घरच्या वेळेतून वजा होतो.

मुंबईच्या डबेवाल्यांचा डबाही अनेक हातांतून जातो. परंतु झाकणावरील रंग, अक्षरे व आकडे पुढच्या माणसाला सारे सांगतात. विचारणा करावी लागत नाही. तेव्हा माणसाला आळशी ठरविण्यापूर्वी आपण पाहावे, की त्याच्या हाती काम देताना आपली खूण स्पष्ट होती काय?