समोरचा अडवतो का?

परीक्षा संपल्या की आयांचे फोन सुरू होतात. "मॅडम, मुलीला कराटेला घालू की तायक्वांदोला? ज्युदो बरं की बॉक्सिंग?" मी उलट विचारते, "क्लास चालू असताना तासभर बसून बघितलात का?" बहुतेकींनी बघितलेला नसतो. फी बघितलेली असते, घरापासूनचं अंतर बघितलेलं असतं आणि सरांच्या कपाटातल्या ट्रॉफ्या बघितलेल्या असतात.

मला आज एकच सांगायचं आहे. प्रकार नंतर निवडा. आधी हे बघा, की त्या क्लासमध्ये समोरचा अडवतो का?

मनगट सोडवायचा डाव सगळीकडे शिकवतात. जोडीदार मनगट धरतो, मुलगी अंगठ्याच्या बाजूने झटका देऊन हात काढते, टाळ्या पडतात. पण त्याने धरलं होतं कसं? सैल, एका हाताने, जागच्या जागी उभं राहून. आता त्यालाच सांगा, दोन्ही हातांनी आवळ आणि दाराकडे ओढत ने. मुलीचे पाय घसरतात, दम लागतो, शिकवलेलं ऐनवेळी आठवत नाही. हे पहिल्यांदा व्हायचं ते क्लासच्या गादीवर होऊ दे ना!

अहो, हवेत हात थापून कुणाला भाकरी आली आहे का? हाताला वळण लागेल, मी नाही म्हणत नाही. कराटेतले काता, म्हणजे एकट्याने हवेत करायचे ठरावीक डाव, मला आवडतात. पण पीठ हातात आलं की ते कडेने चिरतं, तव्यावर टाकताना चटका बसतो, वरून पाणी फिरवायला उशीर होतो. विरी गेलेलं पीठ असलं तर बघायलाच नको. पण ते अडून बसलेलं पीठच शिकवतं. तेव्हा ज्वारीची की बाजरीची हा वाद मागाहून घाला. पीठ कधी हातात देणार, ते सरांना विचारा.

ज्युदोचंच बघा. त्याचे जनक जिगोरो कानो यांनी 1882 मध्ये टोकियोत कोदोकान काढलं. जुन्या जुजुत्सूतले ठोसे, लाथा आणि बरेच घातक डाव त्यांनी मोकळ्या सरावातून वगळले. लोकांना वाटतं, विद्या मवाळ केली. उलट आहे! उरलेले डाव अडवणाऱ्या माणसावर रोज पूर्ण जोराने मारता यायला लागले. "डोळ्यांत बोटं घाला" असं शिकवणारे सर तो डाव मैत्रिणीवर पुरा करायला कधी सांगू शकतील का?

आपल्या कुस्तीच्या तालमीत तरी दुसरं काय चालतं? वस्ताद डाव सांगतो आणि लगेच जोड लावून देतो. समोरचा पट काढू देत नाही, म्हणूनच पट काढता येतो. 1993 मध्ये डेन्व्हरला झालेल्या स्पर्धेत रॉयस ग्रेसीने आपल्यापेक्षा थोराड गड्यांना जमिनीवर नेऊन हरवलं आणि ब्राझिलियन जिउ-जित्सूचं जगभर नाव झालं. तोही अडवणाऱ्यांशी लोळूनच आलेला. मात्र तिथे समोर एकच माणूस होता. रस्त्यावर हल्लेखोराचा साथीदार असला तर जमिनीवर लोळणं अंगाशी येईल.

आणि अडवणं म्हणजे झोडपणं नव्हे हं. खाली गादी हवी, दातांना गार्ड हवा, वजनाला वजन बघून जोडी हवी, आणि अडकलेल्याने थाप मारली की त्या क्षणी सोडायचं. थाप मारूनही कुणी सोडत नसेल आणि सर नुसते हसत असतील, तर चपला घाला आणि निघा. दोन महिन्यांत चाकू हिसकावून घ्यायला शिकवतो म्हणणाऱ्याकडूनही निघा. चाकू दिसला तर पर्स द्यायची आणि पळायचं. पळण्याचा सराव कोण घेतं? ओरडण्याचा? मुलींना ओरडायला सांगून बघा, आवाजच फुटत नाही.

कायद्याचंही बोलायचं होतं. भारतीय न्याय संहितेत कलम 34 पासून स्वसंरक्षणाचा हक्क दिला आहे, पण गरजेपेक्षा जास्त इजा करायची मुभा नाही, आणि ती गरज ठरवायची कशी... तो विषय पुन्हा कधी.

तर पुन्हा सांगते. बेल्ट कधी मिळेल हे विचारू नका. कोपऱ्यात बसा आणि समोरचा अडवतो का ते बघा. पालकांना बसून बघूच देत नाहीत म्हणता? मग दुसरा क्लास शोधा.