बुजूं न दिलेला कालवा

जपानच्या क्योतो नगरांत उतरलेल्या प्रवाशाला तेथील देवळें व बागा यांतून सवड काढणें कठीण जातें. तथापि एक दिवस राखून जो सकाळीं पूर्वेकडे जाणारी जलद आगगाडी धरील, त्याला तो दिवस वायां गेला असें वाटणार नाहीं. सुमारें ३५ मिनिटांत ही गाडी शिगा प्रांतांतील ओमिहाचिमान या स्टेशनावर येते. वाटेंत बिवा सरोवराचा प्रदेश लागतो. जपानांतील हें सर्वांत मोठें सरोवर. त्याचा विस्तार सुमारें ६७० चौरस किलोमीटर आहे. या प्रांताचें जुनें नांव ओमी, आणि त्या नांवाच्या मुळाशींही गोड्या पाण्याचा समुद्र हाच अर्थ आहे.

स्टेशनाबाहेर पाऊल टाकतांच मात्र थोडी निराशा होते. रुंद रस्ते, दुकानें, मोटारींचे तळ. कोणत्याही आधुनिक शहरांत दिसावें तेंच येथें दिसतें. जुनें गांव तेथून उत्तरेस, पायीं गेल्यास अर्ध्या तासाच्या वाटेवर आहे. ज्याला चालावयाचें नसेल त्याला मोटारबस दहा मिनिटांत पोंचविते. समोर हिरवी टेकडी दिसूं लागली, रस्ते काटकोनांत एकमेकांना छेदूं लागले आणि लांकडी घरांच्या ओळी सुरू झाल्या, कीं जुनें हाचिमान आलें असें समजावें. टेकडीच्या पायथ्याशीं एक कालवा वाहतो. दोन्ही कांठांस दगडी बांध, बांधावर पांढऱ्या भिंतींचीं कोठारें, पाण्याला टेकलेल्या दगडी पायऱ्या आणि वरून झुकलेल्या वृक्षांच्या छाया. या कालव्याचें नांव हाचिमानबोरी. गांवाचा सारा इतिहास या पाण्याशीं बांधलेला असल्यानें दिवसाचा आरंभ येथूनच करावा हें बरें.

हा कालवा खणविला तो तोयोतोमी हिदेत्सुगु या सरदारानें, इसवी सन १५८५ मध्यें. त्या वेळीं त्याचें वय अवघें १७-१८ वर्षांचें होतें. परंतु साऱ्या जपानवर सत्ता बसविणारा हिदेयोशी हा त्याचा सख्खा मामा. तीन वर्षांपूर्वीं, म्हणजे १५८२ त, ओदा नोबुनागा याचा घात होऊन त्याची जवळचीच आझुची नगरी ओस पडूं लागली होती. तेथील व्यापारी व कारागीर हिदेत्सुगुनें आपल्या नव्या गांवीं वसविले. टेकडीवर किल्ला, पायथ्याशीं खंदक आणि खंदकापलीकडे आंखीव रस्त्यांचें गांव, अशी ही रचना होती. पण त्यानें खंदक केवळ शत्रूला अडविण्यासाठीं ठेवला नाहीं. तो सरोवराच्या पाण्याशीं जोडून त्यानें मालाच्या नावांची वाट करून दिली, आणि सरोवरांतून जाणाऱ्या नावांनीं या गांवीं थांबलेंच पाहिजे असा नियम केला. बाजारांतील जुने मक्ते मोडून व्यापार सर्वांस मोकळा केला. एकच पाणी किल्ल्याचें रक्षण करी आणि बाजाराचें पोषणही करी.

हिदेत्सुगुचें पुढील चरित्र करुण आहे. १५९१ मध्यें मामानें त्याला आपला वारस करून कांपाकु या सर्वोच्च पदावर बसविलें. पुढें हिदेयोशीला स्वतःचा पुत्र झाला, मामा-भाच्यांत वितुष्ट आलें, आणि १५९५ मध्यें कोया पर्वतावर हिदेत्सुगुला पोट चिरून प्राण द्यावा लागला. त्याच्या स्त्रिया व मुलें मिळून तिसांहून अधिक जणांचा क्योतोच्या नदीकांठीं वध झाला. त्याच वर्षीं हाचिमानचा किल्लाही मोडीत निघाला. गांव वसल्याला तेव्हां जेमतेम दहा वर्षें झालीं होतीं.

राजा गेला कीं राजाश्रयावर उभें असलेलें गांव उजाड होतें, असा इतिहासाचा सामान्य अनुभव आहे. हाचिमानमध्यें तसें झालें नाहीं, कारण कालवा उरला होता आणि कालव्याकांठीं व्यापारी उरले होते. येथील व्यापारी खांद्यावर कावड घेऊन देशोदेशीं हिंडत. कावडींत मच्छरदाण्या, कापड आणि जमिनीवर अंथरावयाच्या चटयांचे पृष्ठभाग असत. परततांना त्या त्या प्रांताचा माल येई. पुढें एदो शहरांत, म्हणजे आजच्या तोक्योंत, त्यांच्या मोठमोठ्या पेढ्या झाल्या आणि थेट उत्तरेच्या एझो बेटापर्यंत त्यांचे व्यवहार पोंचले. निशिकावा घराण्याच्या तांबड्या किनारीच्या हिरव्या मच्छरदाणीनें तर साऱ्या देशांत नांव मिळविलें. तरी घर हाचिमानलाच असे. विकणाराचें, घेणाराचें आणि समाजाचें अशा तिघांचें हित साधेल तोच खरा व्यापार, असें या ओमी व्यापाऱ्यांच्या नीतीचें सार आज सांगितलें जातें. सूत्राची ही आटोपशीर मांडणी अलीकडची असली, तरी तिच्यामागील विचार त्यांच्या जुन्या घराण्यांतून आलेला आहे.

कालव्यापासून थोडें दक्षिणेस शिन्माची नांवाचा रस्ता आहे. या व्यापाऱ्यांचे वाडे तेथें ओळीनें उभे आहेत. बाहेरून पाहतां त्यांत ऐश्वर्याचा लवलेश नाहीं. काळसर लांकडाच्या जाळ्या, बसकीं छपरें आणि कुंपणावरून डोकावणारा एखादा देवदार. १७०६ साली बांधलेलें निशिकावा घराणें आंतून पाहावयास मिळतें. संपत्ति रस्त्यावर मांडूं नये, हा तेथील शिष्टाचार पाहणाराच्या लक्षांत येतो. मात्र सार्वजनिक कार्यास हे लोक हात आंखडीत नसत. जवळच हाकुउन्कान नांवाची दुमजली, शिखरावर लहानसा मनोरा असलेली इमारत दिसते. ती १८७७ मध्यें शाळेसाठीं उभारली गेली, आणि तिचा खर्च मुख्यत्वें व्यापाऱ्यांच्या देणग्यांतून झाला.

गांवांत ठिकठिकाणीं पाश्चात्त्य वळणाचीं कांहीं टुमदार घरें व जुन्या टपालकचेरीची इमारत दिसते. तीं विल्यम मेरेल व्होरीस या अमेरिकन गृहस्थाचीं कामें. तो १९०५ मध्यें येथील व्यापारी विद्यालयांत इंग्रजी शिकविण्यासाठीं आला. त्याच्या धर्मप्रचारामुळें दोन वर्षांत त्याची नोकरी सुटली. पण गांव त्यानें सोडलें नाहीं. वास्तुशिल्पाचा व्यवसाय व औषधी मलमाचा व्यापार करून त्यानें शाळा व रुग्णालयें चालविलीं, जपानी स्त्रीशीं विवाह केला, १९४१ मध्यें जपानचें नागरिकत्व घेतलें आणि १९६४ मध्यें याच गांवीं देह ठेविला. १९५८ मध्यें गांवानें त्याला आपला पहिला सन्मान्य नागरिक केलें होतें.

आतां पुन्हां कालव्याकडे वळून पुलापलीकडे गेलें कीं हिमुरे हाचिमान हें देवस्थान लागतें. येथील ठेव्यांत नावेचें एक चित्र आहे. त्याची कथा ऐकून मन हेलावतें. या गांवचा निशिमुरा तारोएमोन हा तरुण सतराव्या शतकाच्या आरंभीं परवान्याच्या जहाजांतून अन्नाम देशीं, म्हणजे आजच्या व्हिएतनामांत, व्यापारास गेला व तेथें नांवारूपास आला. दरम्यान जपाननें आपलीं दारें लावून घेतलीं. परदेशीं राहिलेल्या जपान्यालाही परत येण्याची बंदी झाली. १६४७ मध्यें तो नागासाकीजवळ आला, पण किनाऱ्यावर पाय ठेवण्याची त्याला आज्ञा मिळाली नाहीं. तेव्हां त्यानें एका चित्रकाराकडून आपल्या जहाजाचें चित्र काढविलें, गांवच्या देवाला पाठवून दिलें, आणि तो आल्या वाटेनें परत गेला. कालव्याच्या कांठीं जन्मलेल्या माणसाला समुद्र ओलांडतां आला, परंतु घरचा उंबरा ओलांडतां आला नाहीं.

देवस्थानाजवळून दोरावरून चालणारी गाडी चार मिनिटांत टेकडीच्या माथ्यावर नेते. उंची सुमारें २७० मीटर. किल्ल्याचे दगडी तट तेवढे उरले आहेत आणि मध्यें झुइर्यूजी हें बौद्ध मंदिर आहे. तें हिदेत्सुगुच्या मातेनें पुत्राच्या आत्म्यास शांति लाभावी म्हणून क्योतोंत स्थापिलें होतें. १९६१ मध्यें तें येथें आणण्यांत आलें. मातेचें मंदिर पुत्राच्या किल्ल्यावर यावयास साडेतीनशें वर्षांहून अधिक काळ लागला. तटावरून पश्चिमेस बिवाचें विस्तीर्ण जल, पूर्वेस निशिनोको हें लहान सरोवर व आझुचीची टेकडी, आणि दक्षिणेस बुद्धिबळाच्या पटासारखें गांव दिसतें. झाडींतून मधूनमधून चमकणारी एक बारीक रेघ दिसते, तो कालवा.

ही रेघ आज दिसते याचें श्रेय हिदेत्सुगुला देऊन चालणार नाहीं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आगगाडी आली, पुढें मोटारी आल्या, आणि मालाच्या नावा हळूहळू बंद पडल्या. ज्या पाण्याचा उपयोग संपतो त्याची निगाही संपते. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळांत घराघरांतील सांडपाणी कालव्यांत येऊं लागलें, तळाशीं गाळ सांचला, बांध ढासळले, तण माजलें. दुर्गंधि व डांस यांनीं कांठावरचे रहिवासी त्रासून गेले. कालवा बुजवा, अशी मागणी त्यांच्यांतूनच पुढें आली. ती करणारे लोक अरसिक होते असें म्हणणें अन्यायाचें होईल. दाराशीं कुजणाऱ्या पाण्याचा वास ज्याला रात्रंदिवस घ्यावा लागतो, त्याला इतिहासाची थोरवी सांगून काय उपयोग? सरकारी योजनाही तयार झाली: कालवा भरून काढावा आणि त्या जागेवर मोटारींचा तळ व बाग करावी.

१९७० नंतरच्या दशकांत गांवांतील तरुण व्यावसायिकांच्या मंडळानें या योजनेला विरोध केला. कालवा ज्या क्षणीं बुजेल त्याच क्षणीं पश्चात्तापास आरंभ होईल, हें त्यांचें घोषवाक्य होतें. प्रथम त्यांना फारसा पाठिंबा मिळाला नाहीं. सह्या गोळा करणें सोपें, पण वास कोण घालविणार, हा रहिवाशांचा प्रश्न होता. त्या प्रश्नाला तरुणांनीं जें उत्तर दिलें तें व्याख्यानाचें नव्हतें. सुट्टीच्या दिवशीं ते स्वतः चिखलांत उतरले आणि गाळ उपसूं लागले. आठवड्यामागून आठवडे हें काम चाललेलें पाहून कांठावरचे लोकही हळूहळू सामील झाले. अखेर प्रांतिक सरकारनें बुजविण्याची योजना मागें घेतली. पुढें यंत्रांच्या साह्यानें गाळ काढण्यांत आला, दगडी बांध पुन्हां रचले गेले, कांठानें पाऊलवाट झाली. १९९१ मध्यें जुन्या गांवाचा हा भाग राष्ट्रीय महत्त्वाचें संरक्षित क्षेत्र म्हणून जाहीर झाला. आज याच कांठावर जुन्या काळच्या कथांचे चित्रपट घेतले जातात आणि प्रवाशांच्या होड्या त्याच पाण्यांतून फिरतात.

दुपारीं जेवणाच्या वेळीं प्रवाशाच्या पुढें कोन्याकु नांवाच्या कंदाच्या पिठाची लालभडक वडी येते. इतरत्र ही वडी करड्या रंगाची असते. लाल रंग या गांवचा. त्यानंतर वेळ उरल्यास निशिनोकोच्या पाणथळींत वल्ह्यानें चालणाऱ्या होडींतून अवश्य जावें. दोहों बाजूंस माणसाहून उंच बोरूंची बनें आणि मधून अरुंद जलमार्ग. या बोरूंपासून पडदे विणतात, छपरें शाकारतात. हिंवाळ्यांत बोरू कापतात, वसंताच्या तोंडाशीं उरलेले बुडखे जाळतात, आणि त्या राखेंतून नवे कोंब येतात. २००६ मध्यें या पाणथळीला महत्त्वाचा सांस्कृतिक भूप्रदेश हा सरकारी दर्जा मिळाला. असा दर्जा मिळालेलें जपानांतील हें पहिलें स्थळ होय.

जाळण्यावरून येथील एका उत्सवाचा उल्लेख केला पाहिजे. मार्च महिन्यांत हिमुरे देवस्थानाचा सागिचो उत्सव भरतो. निरनिराळ्या वाड्यांतील लोक गवताचे मोठे रथ करतात आणि त्यांवर त्या वर्षाच्या प्राण्याची आकृति कडधान्यें, सुकी मासळी, सागरी शेवाळ अशा खाद्य पदार्थांनीं सजवितात. कित्येक दिवसांच्या मेहनतीची ही कलाकृति उत्सवाच्या शेवटच्या रात्रीं अग्नीच्या स्वाधीन होते, आणि कोणी हळहळत नाहीं. परक्याला हें विलक्षण वाटतें. जें गांव आपली सुंदर वस्तु दर वर्षीं आनंदानें जाळतें, त्याच गांवानें एका घाणेरड्या खंदकासाठीं एवढा झगडा कां करावा?

यांत विसंगति नाहीं. रथ जळला तरी तो करणारे हात शाबूत आहेत; पुढच्या वर्षीं नवा रथ उभा राहील. बोरू जळला तरी मूळ जिवंत आहे. कालव्याचें तसें नव्हतें. त्यावर माती पडली असती तर चारशें वर्षांचा जलमार्ग पुन्हां खणून देणारा हिदेत्सुगु कोठून आणावयाचा? कोणती वस्तु जाऊं द्यावी आणि कोणती धरून ठेवावी हें ओळखणें, हाच जुन्या गांवांपुढचा खरा प्रश्न असतो. हाचिमानच्या लोकांनीं तो प्रश्न कमरेइतक्या चिखलांत उभे राहून सोडविला.

सायंकाळीं परतीची गाडी धरण्यापूर्वीं प्रवाशानें कालव्याच्या पायऱ्यांवर थोडा वेळ बसावें. समोर कोठारांच्या पांढऱ्या भिंती पाण्यांत उलट्या दिसतात आणि एखादी होडी गेली कीं मोडून पुन्हां जुळतात. पाण्यावर वाळलेलीं पानें तरंगत असतात. कोणी तरी तीं सकाळीं काढील. सरदारानें खणलेला कालवा सरदाराबरोबर गेला नाहीं तो याच कारणानें, कीं तीं पानें काढणें हें आपलें काम आहे असें मानणारीं माणसें त्या गांवांत अजून आहेत.