नरक्याचें झाड आणि कर्करोग

चीनच्या दक्षिण भागांत एक उंच वृक्ष वाढतो. तेथील लोक त्याला आनंदवृक्ष म्हणतात, आणि त्यांच्या पारंपरिक वैद्यकांत त्याचा उपयोग होत आला आहे. ह्या वृक्षाची कथा आपण कां ऐकावी, असें कोणी विचारील. तिचे दोन धागे आपल्याच मुलखांतले आहेत, एवढें उत्तर पुरे.

१९६६ सालीं अमेरिकेंत डॉ. मन्रो वॉल व डॉ. मनसुख वाणी ह्यांनीं त्या वृक्षापासून कॅम्प्टोथेसिन नांवाचें स्फटिकरूप द्रव्य वेगळें केलें. वाणी हे जन्मानें नंदुरबारचे आणि मुंबई विद्यापीठांत शिकलेले. ह्या द्रव्याच्या रेणूंत पांच कडीं एकमेकांस जोडलेलीं असतात, आणि सारी मेख शेवटच्या कड्यांत आहे. तें मिटलेलें असेल तरच औषध लागूं पडतें. मूळ द्रव्य पाण्यांत जवळजवळ विरघळत नाहीं, म्हणून त्याचा सोडियम-क्षार करून रोग्यांना टोंचण्यांत आला. क्षार विरघळला खरा, परंतु तो करतांना तें कडेंच उघडलें गेलें होतें! गुण थोडा आला. उलट मूत्र आम्ल असल्यामुळें मूत्राशयांत कडें पुन्हां मिटे, आणि तेथें इजा होऊन रक्त पडे. ते प्रयोग थांबवावे लागले.

१९७२ सालीं गोरेगांवच्या सिबा संशोधन केंद्रांतील टी. आर. गोविंदाचारी व एन. विश्वनाथन ह्यांनीं असें प्रसिद्ध केलें कीं, सह्याद्रींतल्या नरक्या नांवाच्या लहानशा झाडांतहि हेंच द्रव्य आहे. आणि तें चिनी वृक्षांतल्यापेक्षां पुष्कळ अधिक. आमच्या ठाकुर्लीहून गोरेगांव कितीसें दूर? पण मीं शिकविलेल्या एकाहि क्रमिक पुस्तकांत ह्याचा उल्लेख नव्हता. नरक्याच्या फुलांना दुर्गंधि येते, आणि जुन्या लॅटिन नांवांत ती उतरलीहि आहे.

औषध करतें तरी काय, हें १९८५ सालीं उलगडलें. आपल्या पेशींत डी. एन. ए. चा लांबच लांब, पीळदार दोर असतो. पेशी दुभंगण्यापूर्वीं त्याची नक्कल व्हावी लागते, आणि त्या वेळीं, सुंभाचे पदर सोडवितांना होतो तसा, पुढचा पीळ घट्ट होत जातो. एक विकर त्याचा एक पदर कापतें, पीळ सैल करतें आणि पदर पुन्हां सांधतें. कॅम्प्टोथेसिन नेमकें कापलेल्या जागीं अडकून बसतें. सांधणें राहून जातें, आणि नक्कल तेथवर पोंचली कीं दोर तुटतो. भराभर दुभंगणाऱ्या कर्कपेशी अशा मरतात. पण अस्थिमज्जेंतील निरोगी पेशीहि भराभर दुभंगतात, आणि त्यांनाहि तोच प्रसाद मिळतो.

ह्या द्रव्यापासून केलेल्या टोपोटेकान व इरिनोटेकान ह्या औषधांना १९९६ सालीं अमेरिकेंत मान्यता मिळाली. पहिलें बीजकोशाच्या, दुसरें मोठ्या आंतड्याच्या कर्करोगावर. तीं देतांना रक्त वरचेवर तपासावें लागतें. तेव्हां नरक्याची भुकटी दुधांतून घ्या म्हणून सांगणारा हितचिंतक भेटला, तर त्याला चहा पाजावा आणि भुकटी परत करावी.

लांकडाला मात्र गिऱ्हाईक फार. पश्चिम घाटांत त्याची चोरटी तोड झाली, आणि मुळांतहि द्रव्य असल्यामुळें झाडें मुळासकट गेलीं. २००५ सालीं ह्याच झाडाच्या आंत राहणाऱ्या एका बुरशींत कॅम्प्टोथेसिन सांपडलें. बुरशी काचेच्या भांड्यांत वाढते, परंतु झाडापासून तोडल्यावर तिच्यापासून मिळणारें द्रव्य पिढीगणिक घटत जातें.