मधले दहा व्होल्ट गेले कुठे?



दसरा सरला की आपल्याकडे कापसाची वेचणी जोरात येते. अकोट, दर्यापूर, मूर्तिजापूर, कुठेही जा. भाव मनासारखा नसला की शेतकरी कापूस विकत नाही, घरातच भरून ठेवतो. माजघर भरते, पडवी भरते. माणसे उरलेल्या कोपऱ्यात निजतात. गंजी चढत चढत भिंतीवरच्या बटनांच्या पाटीला टेकते. आज मला बोलायचे आहे ते त्या पाटीबद्दल.

विजेचा हिशेब म्हटला की लोक बिचकतात. "ते वायरमनचं काम हाय," म्हणतात. पण ज्याला क्विंटलाला भावाने गुणता येते, त्याला हा हिशेबही येतो. एक भागाकार आणि एक गुणाकार. बस्स.

आधी तीन शब्द समजून घेऊ. पाटातून पाणी वाहते तशी तारेतून वीज वाहते. पाण्याला उतार लागतो. विजेला ढकलणारा जो जोर, त्याला दाब म्हणायचे. दाब व्होल्टमध्ये मोजतात. किती वीज वाहते, तो प्रवाह. प्रवाह अँपिअरमध्ये मोजतात. आता पाटात गवत माजले की पाणी अडते, नाही का? तशी वाटेतली तार विजेला अडवते. या अडवणुकीला रोध म्हणतात. रोध मोजायचा ओहममध्ये.

ओहम हे माणसाचे नाव. जर्मनीतला हा शाळामास्तर. त्याचा बाप कुलपे करणारा कारागीर होता. १८२७ साली त्याने आपला नियम पुस्तकात छापला. पहिल्यांदा लोकांनी नाके मुरडली. पुढे १८४१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याला पदक दिले. त्याचा नियम असा: दाबाला प्रवाहाने भागा, रोध मिळतो.

आणि दाबाला प्रवाहाने गुणले तर? शक्ती मिळते. म्हणजे दर घटकेला किती काम होते, किती उष्णता निघते, ते कळते. ती वॅटमध्ये मोजतात.

आता पाटी-पेन्सिल घ्या. घरात विजेची शेगडी आहे. तिला २३० व्होल्ट दाब मिळतो आणि तिच्यातून ५ अँपिअर प्रवाह जातो. २३० ला ५ ने भागा. ४६ आले. शेगडीचा रोध ४६ ओहम. २३० ला ५ ने गुणा. ११५० आले. शेगडीची शक्ती ११५० वॅट.

संध्याकाळी गावाच्या टोकाच्या घरात दाब पडतो. समजा तो १८४ व्होल्टवर आला. शेगडी तीच, रोध तोच, ४६. मग प्रवाह किती? १८४ भागिले ४६, म्हणजे ४ अँपिअर. शक्ती १८४ गुणिले ४, म्हणजे ७३६ वॅट. पाहा बरे! दाब फक्त पाचवा हिस्सा कमी झाला, पण उष्णता तिसऱ्या हिश्शाहून जास्त कमी झाली. कारण दाबही पडला आणि त्याच्यामागे प्रवाहही पडला. भाकरीला उशीर झाला म्हणून बाईवर चिडण्याआधी हा हिशेब करावा.

आता मूळ मुद्दा. एके दिवशी वायरमनने मीटर लावून पाहिले असे समजा. घरात २४० व्होल्ट येत आहेत. शेगडीशी मोजले तर २३० च. प्रवाह ५ अँपिअर. मग मधले १० व्होल्ट गेले कुठे?

ते वाटेत खर्च झाले. पाटीमागे तारेचा जोड आहे. तो सैल आहे, काळा पडला आहे. १० ला ५ ने भागा, जोडाचा रोध २ ओहम. १० ला ५ ने गुणा, ५० वॅट. पैशाचे नुकसान किरकोळच. वीस तासांत एक युनिट. पण ही ५० वॅटची उष्णता निघते कुठे? ज्वारीच्या दाण्याएवढ्या जागेत. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडे डाख देण्याची विजेची कांडी असते ना? ती साधारण २५ वॅटची. तेवढ्यात डाखाचा धातू वितळतो. इथे त्याच्या दुप्पट, आणि शेजारी कापूस! कापूस नेहमी भडकतोच असे नाही. तो आतल्या आत धुमसत राहतो, आणि वरून काही दिसत नाही.

तुम्ही म्हणाल, फ्यूज आहे की, एम.सी.बी. बसवला आहे. इथेच माणूस फसतो. फ्यूज फक्त प्रवाह पाहतो. प्रवाह फार वाढला तर तो वितळतो. सैल जोडाने प्रवाह वाढत नाही, उलट जरासा कमीच होतो. फ्यूजला वाटते सगळे ठीक आहे.

तारेत दाब खर्च होतो, ही गोष्ट पारसच्या वीजकेंद्रातही सुटत नाही. म्हणून तिथली वीज २ लाख २० हजार व्होल्टने बाहेर पाठवतात. दाब जास्त, तर तितक्याच शक्तीला प्रवाह थोडा लागतो. प्रवाह थोडा, तर वाटेतली उष्णता थोडी.

आपल्या घरी मात्र काम सोपे आहे. बटन गरम लागते, करपल्याचा वास येतो, शेगडी लावली की दिवा फडफडतो, ही सैल जोडाची लक्षणे. मेन बंद करायचा. वायरमनला बोलवायचे. काळा पडलेला भाग कापून पुरी तार नवी घालून घ्यायची. चिकटपट्टी गुंडाळून रोध कमी होत नाही. आणि कापूस भरण्याआधी हे करायचे, भरल्यावर नव्हे. ज्या खोलीत गंजी आहे तिथे शेगडी नको, जोड नको, आणि पाटीपासून हातभर जागा मोकळी हवी.

विहिरीवरच्या मोटारपंपाचा हिशेब याहून जरा वेगळा आहे. तिथे नुसता गुणाकार करून खरी शक्ती मिळत नाही. तो पुढच्या खेपेला करू. येताना आपापल्या मोटारीच्या पाटीवरचे आकडे कागदावर उतरवून आणा.