सातासमुद्रांपलीकडून येणारा माल

परदेशाहून माल मागविणें हें मुंबईच्या मोठ्या पेढीवाल्यांचें काम, असा समज पुष्कळ दिवस रूढ होता. तो आतां राहिलेला नाहीं. सोलापुराहून अक्कलकोटकडे जातां वाटेंत वळसंग नांवाचें गांव लागतें. तेथें सहकारी तत्त्वावर सूतगिरणी निघाली; आणि चादरी व टॉवेल विणणारे लहानमोठे कारखाने तर सोलापूर परिसरांत पुष्कळ आहेत. समजा, अशा एखाद्या वळसंगच्या कारखानदारानें कर्ज काढून युरोपांतून नवे माग आणावयाचें योजिलें. त्याच्यापुढें पहिला प्रश्न उभा राहतो तो किंमतीचा. परंतु त्याची खरी कसोटी लागते ती दुसऱ्या प्रश्नापाशीं: तें यंत्र येथवर आणावयाचें कसें, आणि वाटेंत त्याचें कांहीं बरेंवाईट झालें तर नुकसान सोसावयाचें कोणीं?

हा प्रश्न या प्रांतास नवा नाहीं. इंग्लंडनें यंत्रांच्या निर्यातीवरील बंदी १८४३ सालीं उठविली. पुढें कावसजी दावर यांनीं १८५४ सालीं मुंबईंत कापडगिरणीची कंपनी स्थापन केली. तिचीं यंत्रें ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्स या कारखान्यांतून आलीं. त्या काळीं जहाजांस आफ्रिकेच्या दक्षिण टोंकास वळसा घालून यावें लागे. ता. १७ नोव्हेंबर १८६९ रोजीं सुवेझचा कालवा खुला झाला आणि लंडन व मुंबई यांमधील प्रवासाचे चार हजारांहून अधिक सागरी मैल वांचले. आगगाडी सोलापुरास १८६० सालींच पोंचली होती. ह्या दोन वाटा जुळून आल्या, आणि १८७७ सालीं सोलापुरांतील पहिली कापडगिरणी निघणें सुकर झालें.

आज मालास मार्ग मुख्यतः दोन: समुद्र आणि आकाश. समुद्रमार्गाचें स्वरूप पालटलें तें १९५६ सालीं. त्या वर्षीं २६ एप्रिल रोजीं ‘आयडियल एक्स’ हें जहाज माल्कम मॅक्लीन या अमेरिकन वाहतूकदाराच्या ५८ मोठ्या पेट्या घेऊन नेवार्कहून ह्यूस्टनकडे निघालें. ह्या पेटीसच कंटेनर म्हणतात. वीस फुटी कंटेनरांत सुमारें ३३ घनमीटर, आणि चाळीस फुटी कंटेनरांत सुमारें ६७ घनमीटर जागा असते. माल पुष्कळ असेल तर सबंध कंटेनर भाड्यानें घ्यावा. थोडा असेल तर अनेकांचा माल एकाच कंटेनरांत भरून पाठविणारे व्यावसायिक असतात. ते घनमीटर व टन यांपैकीं जो आंकडा मोठा, त्यावर भाडें आकारतात. सहा घनमीटरांच्या पेटीचें वजन दोनच टन असलें, तरी भाडें सहाचें पडतें. शिवाय अशा मालाची चढउतार अधिक होते, आणि एकाचीं कागदपत्रें अडलीं तर इतरांसही खोळंबावें लागतें. म्हणून माल बारा-पंधरा घनमीटरांच्या घरांत गेला, कीं सबंध कंटेनराचा भाव अवश्य विचारून पाहावा.

विमानाचा हिशेब निराळा. तेथें एक घनमीटर म्हणजे सुमारें १६७ किलो असें धरतात. प्रत्यक्ष वजन आणि हें मानीव वजन यांतील जें मोठें, त्यावर आकार पडतो. हलक्या पण फुगीर मालास विमान परवडत नाहीं तें ह्यामुळेंच. उलट, वीस किलोच्या एका सुट्या भागावांचून सारे माग बंद पडले असतील, तर तो भाग बोटीनें मागवून महिनाभर कामगार बसवून ठेवणें हीच उधळपट्टी ठरेल.

तथापि भाड्याहूनही जोखमीचा विचार महत्त्वाचा आहे. खरेदीविक्रीच्या करारांतील संक्षिप्त संज्ञांचे अर्थ आंतरराष्ट्रीय व्यापारी मंडळानें १९३६ सालीं प्रथम निश्चित केले. त्यांच्या २०२० च्या आवृत्तींत अशा अकरा संज्ञा आहेत. ‘एफ. ओ. बी.’ म्हटलें कीं विक्रेत्याची जबाबदारी त्याच्या बंदरांत माल जहाजावर चढेपर्यंत. ‘सी. आय. एफ.’ म्हटलें कीं मुंबईपर्यंतचें भाडें व विमा विक्रेत्याकडे. येथेंच नवखा ग्राहक फसतो. भाडें विक्रेता भरतो, म्हणून मुंबईपर्यंतची जोखीमही त्याचीच, असें तो धरून चालतो. वस्तुतः ‘सी. आय. एफ.’ मध्येंही माल परदेशच्या बंदरांत जहाजावर चढला कीं जोखीम ग्राहकाच्या माथीं येते. शिवाय वेगळें ठरलें नसेल, तर विक्रेत्यानें अगदीं किमान विमा उतरविला तरी चालतें. जहाज बुडालें, रुतलें, त्यास आग लागली, तर असा विमा उपयोगी. पण माल चोरीस गेला किंवा कंटेनरांत पावसाचें पाणी शिरून यंत्र गंजलें, तर त्यांतून कांहीं मिळत नाहीं.

विमा नसला तर काय ओढवतें, हें २०२१ सालीं दिसून आलें. त्या वर्षीं २३ मार्च रोजीं ‘एव्हर गिव्हन’ हें जहाज सुवेझ कालव्यांत आडवें रुतलें, तें २९ तारखेस मोकळें झालें. त्यावर सुमारें अठरा हजार कंटेनर होते. जहाज व माल वांचविण्यासाठीं झालेल्या खर्चाचा वांटा प्रत्येक मालधन्यानें उचलावा, हा सागरी व्यापारांतील फार जुना नियम आहे. जहाजमालकांनीं तो लागू केला. भरपाईच्या वादापायीं इजिप्तनें तें जहाज जुलैपर्यंत अडकवूनही ठेविलें. अशा प्रसंगीं विमेदाराची हमी विमा कंपनी देते. विमा नसलेल्याचा माल मात्र शाबूत असूनही, रोख अनामत भरल्यावांचून त्याच्या हातीं पडत नाहीं. पुढें २०२३ च्या नोव्हेंबरपासून तांबड्या समुद्रांत जहाजांवर हल्ले होऊं लागले, आणि अनेक कंपन्यांनीं आपलीं जहाजें पुन्हां आफ्रिकेच्या वळशानें पाठविलीं. दहा-चौदा दिवसांचा प्रवास वाढला. जहाजास उशीर झाला म्हणून कर्जाचें व्याज कांहीं थांबत नाहीं.

न्हावा शेवाचें जवाहरलाल नेहरू बंदर १९८९ सालीं सुरू झालें. तेथें माल उतरला तरी खर्च संपत नाहीं. सीमाशुल्क नुसत्या किंमतीवर नसून किंमत, भाडें व विमा यांच्या बेरजेवर बसतें. विमानानें आलेल्या मालाच्या बाबतींत हें भाडें किंमतीच्या वीस टक्क्यांहून अधिक धरीत नाहींत, एवढी सवलत आहे. लांकडी वेष्टनावर कीडनाशक उपचाराचा शिक्का नसेल तर माल अडतो. ठराविक मुदतींत माल सोडविला नाहीं, तर जागेचें भाडें बंदर घेतें आणि कंटेनराचें भाडें जहाज कंपनी घेते. त्यापुढें वळसंगपर्यंत सुमारें चारशे किलोमीटरांची मोटारवाहतूक, आणि दारांत यंत्र उतरविण्यास क्रेन. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला होतो तो असा.

यास्तव पैसे पाठविण्यापूर्वींच कांहीं गोष्टी लेखी ठरवाव्या. भाव विचारावयाचा तो मुंबईचा नव्हे, आपल्या दारापर्यंतचा. करारांत संज्ञा, बंदराचें नांव आणि आवृत्तीचें साल, तिन्ही स्पष्ट असावीं. विमा विक्रेत्यावर न सोंपवितां स्वतः उतरवावा. तो सर्व जोखमींचा, त्याच्या कारखान्यापासून आपल्या कारखान्यापर्यंत, आणि किंमतीच्या एकशेंदहा टक्क्यांचा असावा. कंटेनर आला कीं प्रथम त्याचें सील तपासावें व छायाचित्रें घ्यावीं. बाहेरून न दिसणारी मोडतोड आढळल्यास तीन दिवसांच्या आंत जहाज कंपनीस लेखी कळवावें, आणि तिच्याविरुद्ध दावा करावयाचा तर तो एका वर्षाच्या आंत करावा. परदेशीं नोकरी करणाऱ्या मुलामुलींचें घरसामान परत येत असेल, तेव्हां घरच्या मंडळींनींही विम्याचा कागद आणि सामानाची यादी आधींच मागून घ्यावी. माल एकदां जहाजावर चढल्यावर करारांतील अक्षर बदलतां येत नाहीं. तें वाचून घेण्याची वेळ त्यापूर्वींचीच.