ठोक्याची वर्दी

बऱ्याच गावांच्या शाळांतून असं एखादं मूल असतं. समज चांगली, पण चालताना पाय कात्रीसारखे एकमेकांवर येतात. हातात काही दिलं तर मूठ उघडत नाही, आणि उघडली तर वस्तू खाली पडते. कवायतीच्या तासाला गुरुजी त्याला दप्तरं राखायला बसवतात. गुरुजींच्या मनात दयाच असते. पण अशा मुलाच्या हाती वाद्य दिलं तर काय साधतं, याविषयी आज थोडं बोलायचं आहे.

या व्यंगाला डॉक्टर सेरेब्रल पाल्सी म्हणतात. जन्मापूर्वी, जन्मताना किंवा तान्हेपणी मेंदूला इजा झाल्याने ते येतं. दोष हातापायांत नसून त्यांना हुकूम देणाऱ्या मेंदूत असतो. पोलिओत स्नायू लुळा पडतो, इथे तो बहुधा ताठरतो. लोक दोन्हींना एकच नाव देतात म्हणून हे सांगितलं. मेंदूची ही इजा वाढत जात नाही, तशी भरूनही येत नाही. तेव्हा संगीताने मूल बरं होईल असं कोणी म्हणू लागला तर त्याला दाराबाहेरूनच नमस्कार करावा.

मग तालाचा उपयोग काय? दोघी बायका एकाच उखळात कांडत असतात, ते आठवा. मुसळं एकमेकींवर आपटत नाहीत, कारण पुढचा घाव केव्हा पडणार हे दोघींनाही आधीच कळलेलं असतं. ठोका पुढच्या ठोक्याची वर्दी देतो. कान आणि हालचाल यांची मेंदूत जवळची सोयरीक आहे; वर्दी मिळाली की अंग तयारीला लागतं. अमेरिकेत कोलोरॅडो येथे मायकेल थाउट आणि त्यांचे सहकारी यांनी 1990 नंतरच्या दशकात पक्षाघात व कंपवाताच्या रोग्यांना ठोक्यांवर चालवून पाहिलं, तेव्हा त्यांची पावलं लांब पडू लागली. पुढे हीच रीत सेरेब्रल पाल्सीच्या मुलांसाठीही वापरली गेली. गुण सगळ्यांना सारखा येत नाही, पण काहींना येतो.

त्या रीतीतली एक गोष्ट शिक्षकांनी अवश्य उचलावी. आधी मूल आपल्या चालीने मिनिटाला किती पावलं टाकतं ते मोजायचं. ठोका त्याच गतीने द्यायचा, आणि ते त्यात स्थिरावलं की गती किंचित वाढवायची. आपण नेमकं उलटं करतो! आपली लय धरतो आणि मुलाला म्हणतो, ये मागून. इंग्लंडमध्ये 1959 साली पॉल नॉर्डॉफ हे संगीतकार आणि क्लाइव्ह रॉबिन्स हे शिक्षक अपंग मुलांबरोबर काम करू लागले, तेव्हा त्यांनीही हाच मार्ग धरला. मुलाने ढोलावर वेडीवाकडी थाप मारली, तर नॉर्डॉफ पियानोवर तीच थाप उचलून तिचं गाणं करीत.

आपल्याकडे पियानो नाही, पण पेटी आहे. पेटीचा एक गुण माझ्या मते फार मोलाचा आहे. पट्टी दाबून ठेवली तर, भाता चालू असेतो, सूर वाजतच राहतो. थांबवायचा तर बोट उचलावंच लागतं. ज्या हाताला धरणं जमतं पण सोडणं जमत नाही, त्याला याहून चांगला धडा कोणता? भाता दुसऱ्या मुलाने मारावा. ढोलकी सबंध तळव्याने वाजवू द्यावी. टाळ मुठीत राहत नसेल तर कापडाच्या पट्टीने मनगटाला सैलसर बांधावा. पायात चार घुंगरू बांधले की पाऊल उचललं की नाही, हे मुलाला स्वतःच्या कानांनीच कळतं. बोलणं अडखळत असेल त्याला एका दमात लांब 'आ' लावायला सांगावं.

मात्र बैठक आधी पाहावी. पाठीला आधार नसेल तर सारी शक्ती तोल सांभाळण्यातच जाते. अचानक मोठा आवाज झाला की अशी मुलं दचकतात आणि अंग आणखी ताठरतं, म्हणून ताशा लांबच ठेवा. पुष्कळांना फिट्सही येतात; डॉक्टरांना आणि व्यायामोपचार करणाऱ्यांना विचारूनच सुरुवात करावी. रोज दहा-पंधरा मिनिटं पुरेत.

पोलिओ झालेले इट्झाक पर्लमन खुर्चीवर बसून व्हायोलिन वाजवीत जगभर गाजले. उजवा हात महायुद्धात गमावलेल्या पॉल विट्गेन्स्टाइन यांच्यासाठी राव्हेल यांनी केवळ डाव्या हाताची रचना केली, ती 1932 साली व्हिएन्नात वाजली. या गोष्टी शिक्षकांनी जरूर वाचाव्यात, पण मुलाला ऊठसूट ऐकवू नयेत. त्याला मोठा वादक व्हायचं नसतं, चार पोरांत बसायचं असतं. स्नेहसंमेलनात त्याला एकट्याला पुढे बसवून टाळ्या घेणं तर मला मुळीच पसंत नाही.

2016 च्या कायद्याने लक्षणीय अपंगत्व असलेल्या मुलाला सहा ते अठरा वर्षांपर्यंत शेजारच्या शाळेत किंवा त्याला हव्या त्या विशेष शाळेत मोफत शिकण्याचा हक्क दिला आहे. नाव हजेरीपटावर आहेच, तर लेझमीच्या पथकातही घालावं. कडेला बाक टाकून त्याला टाळ द्यावा. त्याचा ठोका उशिरा पडत असेल तर ढोलवाल्याने लय थोडी उतरवावी. लेझीम खेळणाऱ्यांना ते जड जात नाही. टाळ नवा घ्यायचं कारण नाही. भजनी मंडळाकडचा जुना चालेल, दोरी तेवढी नवी घालावी.