आठ डिस्कांची मांडणी

१९८८ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेत डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी एक शोधनिबंध लिहिला. आयबीएमच्या ३३८० या धिप्पाड डिस्कवर ७,५०० मेगाबाइट मावत. कॉनर कंपनीच्या छोट्या, स्वस्त डिस्कवर अवघे १००. मग एका महागड्या डिस्कऐवजी स्वस्तातल्या शंभर का नकोत? पण एक डिस्क सरासरी ३०,००० तास चालते असे धरले, तर शंभरांच्या ताफ्यात दर ३०० तासांनी, म्हणजे पंधरवडा उलटायच्या आत, एखादी मान टाकणार. त्यावरचा तोडगा म्हणजे रेड: माहितीबरोबर थोडी जादा नोंद ठेवायची.

ही नोंद ठेवण्याच्या तऱ्हा मुख्यतः दोन. मिररिंगमध्ये सरळ दुसरी प्रत असते. पॅरिटीचा कारभार काटकसरीचा: सगळ्या डिस्कांवरचा एकेक बिट घेऊन त्यांत १ हा अंक सम वेळा आला की विषम, एवढेच टिपायचे. त्यातला एक बिट हरवला तर उरलेल्यांवरून तो काढता येतो. रेड ५ मध्ये अशी एक नोंद असते. रेड ६ मध्ये निराळ्या गणिताने काढलेली दुसरीही.

मूळ आकडेमोडीत मात्र एक गृहीत होते: डिस्क एकमेकींशी संबंध नसल्यासारख्या बिघडतात. ते तपासणाऱ्यांत खुद्द गिब्सनही होते, हे विशेष. २००७ साली कार्नेगी मेलन विद्यापीठात बियांका श्रोडर यांच्यासह त्यांनी सुमारे एक लाख डिस्कांच्या नोंदी चाळल्या. उत्पादकांच्या आकड्यांवरून वर्षाला १ टक्क्याहून कमी डिस्क बदलाव्या लागायला हव्या होत्या. प्रत्यक्षात २ ते ४ टक्के नेहमीचेच होते, काही ठिकाणी तर १३. शिवाय एकीपाठोपाठ दुसरी जाण्याची शक्यताही वाढलेली दिसली. एकाच खेपेच्या डिस्क एकाच पेटीत, एकाच उष्णतेत राबत असतील, तर यात नवल ते काय?

म्हणून मांडणी निवडताना ‘जागा किती मिळेल’ हा प्रश्न दुसरा. पहिला असा, की एक डिस्क गेल्यावर नवी भरून होईपर्यंत काय? १२ टेराबाइटची डिस्क सेकंदाला २०० मेगाबाइटच्या वेगाने अखंड भरली तरी जवळजवळ १७ तास लागतात. सर्व्हर त्याच वेळी लोकांची कामेही करत असेल, तर आणखी जास्त. तेवढा वेळ रेड ५ उघड्यावर असते.

१२ टेराबाइटच्या आठ डिस्क घेतल्या, तर रेड ५ मध्ये ८४ टेराबाइट वापरता येतात, रेड ६ मध्ये ७२ आणि मिररिंगच्या जोड्यांनी बनलेल्या रेड १० मध्ये ४८. पुष्कळ जण मधला मार्ग म्हणून सात डिस्कांची रेड ५ करतात आणि आठवी हॉट स्पेअर म्हणून राखून ठेवतात. जागा ७२च मिळते! म्हणजे डिस्क तेवढ्याच, जागा तेवढीच, पण आठवी रिकामी बसून अपघाताची वाट पाहते. रेड ६ मध्ये तिच्या वाट्याचे काम आधीच झालेले असते आणि कोणत्याही दोन डिस्क गेल्या तरी माहिती शाबूत राहते. मोठ्या डिस्कांवर रेड ५ चा हट्ट आता सोडलेलाच बरा.

रेड ६ ची किंमत लिहिताना मोजावी लागते. एका छोट्या बदलासाठी साधारण तीन वाचने आणि तीन लेखने. मिररिंगमध्ये दोन लेखनांत काम उरकते. त्यामुळे चित्रफितींच्या साठ्याला रेड ६ मानवते, सतत बारीक नोंदी बदलणाऱ्या डेटाबेसला जोड्या. मात्र जोडीतली एक गेल्यावर उरलेल्या सातांपैकी नेमकी तिची जोडीदारीण गेली, की सारे संपले.

हाताने पुसलेल्या माहितीपुढे मात्र यांतली एकही मांडणी उपयोगाची नाही. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कोड साठवणाऱ्या सेवेच्या एका अभियंत्याने चुकून मुख्य डेटाबेसचीच फाइल-पेटी पुसली. बॅकअपच्या नेहमीच्या वाटा तपासल्या, तर त्या बंद पडलेल्या. सुमारे सहा तासांपूर्वी निराळ्याच कामासाठी हाताने घेतलेला एक स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाची प्रत, तेवढा सापडला. त्या सहा तासांतल्या नोंदी गेल्या, आणि तो स्नॅपशॉट ज्या डिस्कांवर होता त्या मंद असल्यामुळे माहिती परत आणायला सुमारे १८ तास लागले.